अक्कांचे चिंचोके

फैजपूरच्या केळीवाल्यांचं सॉफ्टवेअर सहा आठवड्यांत होईल, असं मी सांगून आलो. कारण मी त्याचे पडदे, म्हणजे स्क्रीन, मोजले होते आणि ते नऊ भरले होते.

नऊ पडदे, म्हणून सहा आठवडे. हे गणित कुठल्या पुस्तकातलं, असं कुणी विचारलं असतं तर मी खाली बघितलं असतं. पण विचारणार कोण? आमच्या जळगावच्या ऑफिसात असलं काही विचारणारी एकच बाई होती, आणि ती त्या आठवड्यात भाचीच्या लग्नाला दोंडाईच्याला गेली होती. म्हणून तर साहेबांनी मला पाठवलं. फैजपूरला केळीच्या शेडमध्ये मला खुर्ची दिली, ताक दिलं, ताज्या तळलेल्या केळ्याच्या वेफरची परात समोर ठेवली, आणि शेडचे मालक नाना म्हणाले, "भाऊ, तुम्ही जाणकार माणूस. सांगा, कधीपर्यंत होईल?" मला कुणी जाणकार म्हटलं की माझ्या तोंडून काय बाहेर पडेल ह्याची हमी मीही देत नाही. शिवाय तोंडात वेफर होते. सहा हा शब्द भरल्या तोंडानेही नीट म्हणता येतो.

ती विचारणारी बाई म्हणजे आमच्या अक्का.

अक्का पन्नाशीच्या पुढच्या. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत इतर काही असो-नसो, तीन गोष्टी असायच्याच. खडूचा तुकडा, स्टीलची वाटी आणि चिंचोक्यांनी भरलेला पत्र्याचा डबा. पंधरा वर्षं पुण्यात मोठ्या कंपनीत काढून आईसाठी धुळ्याला, देवपूरला परत आल्या होत्या. सोमवारी पहिल्या एसटीने जळगावला यायच्या, शनिवारी दुपारी परत जायच्या, मधले दिवस भाड्याच्या खोलीत. फोन वाजला की "जय भीम, बोला," आणि समोरचा बोलायला लागला की हातातलं पेन खाली. एका वेळी एकच काम, हा त्यांचा बाणा.

त्यांचं काम होतं मोजणीचं. सॉफ्टवेअर बांधायच्या आधीच ते किती मोठं होणार हे मोजायचं, म्हणजे किती माणसं आणि किती आठवडे लागतील ते सांगता येतं. मी नवीन असताना त्यांना म्हणालो होतो, "अक्का, घराचे चौरस फूट मोजता येतात. हे तर दिसतही नाही."

"दिसत नाही म्हणून तर मोजायला माणूस ठेवलाय," अक्का म्हणाल्या. "दिसलं असतं तर तुला ठेवला असता."

मोजायची रीत अशी. गिऱ्हाइकाच्या जागेवर जायचं. फरशीवर खडूने एक रेघ मारायची. हा उंबरा. उंबऱ्याच्या पलीकडे वापरणारी माणसं उभी करायची, अलीकडे स्टुलावर अक्का स्वतः बसायच्या. त्या म्हणजे सॉफ्टवेअर. त्यांच्या मागे एखादं कपाट किंवा रिकामा क्रेट. ते म्हणजे माहिती साठवायची जागा. आणि मग चक्क नाटक करायचं. शेतकरी म्हणायचा, "माझी बाग बुधवारी कापा." माहिती उंबऱ्याच्या आत आली, एक चिंचोका. अक्का मागच्या कपाटातून त्या शेतकऱ्याचं खातं काढल्यासारखं करायच्या, दुसरा. बुधवारची नोंद कपाटात ठेवायच्या, तिसरा. "बुधवार पक्का," असं उंबऱ्याबाहेर सांगायच्या, चौथा. आत येणं, बाहेर जाणं, कपाटात ठेवणं, कपाटातून काढणं. ह्या चारच गोष्टी मोजायच्या. बाकी रंग, चित्रं, बटणाची गोलाई, मालकाचा फोटो, सगळं सोडून द्यायचं. एक गिऱ्हाईक म्हणालं, "अक्का, मला हिरव्या रंगाचं पाहिजे." अक्का म्हणाल्या, "रंग उंबरा ओलांडत नाही. फुकट देऊ."

ही पद्धत जगभर मान्य आहे, तिला लांबलचक इंग्रजी नाव आहे, तिच्या परीक्षा असतात आणि अक्कांनी ती परीक्षा दिलेली होती, हे मला फार उशिरा कळलं. मी पहिली दोन वर्षं तो प्रकार अक्कांचं खूळ समजत होतो आणि पाहुण्यांना डोळा मारून दाखवत होतो. अर्थात खडू, स्टूल आणि चिंचोके ही भर अक्कांचीच.

"वहीत का नाही लिहीत तुम्ही?" मी विचारलं होतं.

"लिहायला मान खाली गेली की उंबऱ्यावरचं निसटतं."

म्हणून वाटी धरायला दुसरा माणूस लागायचा. तो मी. तीन वर्षं मी अक्कांची वाटी धरली. त्यांनी "टाक!" म्हटलं की डब्यातून चिंचोका काढून वाटीत टाकायचा. स्टीलवर टण्ण आवाज व्हायचा आणि अक्का मान डोलवायच्या. माझ्या नावापुढे तेव्हा इंग्रजीत भलंमोठं पद होतं. घरी बायकोने विचारलं, तुम्ही नक्की करता काय, तर मी खरं सांगितलं नाही.

वाटीत किती झाले हे शेवटी मोजायचं, आणि मग वही उघडायची. त्या वहीत आमची सगळी जुनी कामं होती. किती चिंचोके आणि किती आठवडे. साहेब घायकुतीला येऊन विचारायचे, "अक्का, अंदाजे तरी सांगा!" अक्का वही थोपटायच्या. "भाकरी केवढी ते वाटी सांगते, साहेब. किती वेळात होईल ते ही वही सांगते, कारण थापणारे हात आपले आहेत. अंदाज पाहिजे असेल तर ह्याला विचारा." ह्याला म्हणजे मला.

त्यांची खोड अशी की ऑफिस सुटलं तरी उंबरा सुटायचा नाही. हिवाळ्यात ऑफिसची भरीत पार्टी असायची. शेतात तुराट्यांवर वांगी भाजली जात असताना अक्का आचाऱ्याशेजारी बसून विचारत होत्या, वांगं कुठून येतं, कुणाला जातं, मधे कुठे ठेवतोस. आचारी पंधरा मिनिटं उत्तरं देत होता. मग म्हणाला, "अक्का, खाऊन घ्या. मोजल्यावर त्याची चव जाईल." अक्का खूप हसल्या आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी घेऊन बाजूला बसल्या. पण जाताना माझ्या कानात म्हणाल्या, "सात चिंचोके."

एकदा मी त्यांच्यापाशी बायकोची तक्रार केली. ती बोलत राहते, मी ऐकून घेतो, तरी ती चिडते, असं काहीतरी. अक्कांनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "ती बोलते, ते आत येतं. तू ते कपाटात ठेवतोस. बाहेर काहीच जात नाही. भाऊ, तुझा कार्यक्रम अर्धाच लिहिलेला आहे." मी हे घरी मोठ्या कौतुकाने सांगितलं. बायको म्हणाली, ह्या अक्कांना एकदा जेवायला बोलवा. मी तेही कपाटात ठेवलं. अक्का आमच्याकडे कधी जेवल्या नाहीत, आणि ह्यात दोष त्यांचा नाही.

तर, अक्का दोंडाईच्याहून परत आल्या. लग्नातले बुंदीचे लाडू वाटले. माझ्या टेबलापाशी आल्या तेव्हा त्यांच्या कानावर सहा आठवडे आलेलेच होते. रागावल्या नाहीत. विचारलं, "आणि वजनकाटा?"

"कुठला वजनकाटा?"

"नानांच्या शेडमधला. घड ठेवला की तो वजन पाठवणार ना आत? तो किती वेळा पाठवतो? कुणाकुणाला जातं ते पुढे?"

"पण अक्का, काट्याला पडदाच नाही."

अक्कांनी डोळे मिटले. "पडदा नाही म्हणून तो कुणीच नाही? उंबऱ्यापलीकडून जो काही देतो तो माणूसच धरायचा. काटा असो का कलेक्टर." मग लाडू माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, "गुरुवारी फैजपूर. वाटी घे."

गुरुवारच्या आधी, बुधवारी, साहेबांनी मला आत बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हता, पण घाबरट होता, आणि घाबरट माणूस दुसऱ्याला फार छान घाबरवतो. म्हणाले, "तुम्ही सहा सांगून आलात. अक्का आता मोजून पंधरा सांगतील. नाना काम दुसऱ्याला देतील. मग तुम्हाला कुठे ठेवायचं, हा प्रश्न मला पडेल." माझ्या घरी तेव्हा सातवा महिना चालू होता. पहिलंच बाळ. मी साहेबांच्या टेबलावरचा पेपरवेट तीनदा फिरवला आणि बाहेर आलो.

फैजपूरचा तो गुरुवार मला अजून मिनिटामिनिटाने आठवतो. नानांनी शेड झाडून ठेवली होती. अक्कांनी रेघ मारली. पलीकडे दोन शेतकरी, गाडीवाला, व्यापाऱ्याचा माणूस, आणि वजनकाट्याच्या जागी नानांचा एक अबोल हमाल. त्याने काय करायचं हे अक्कांनी समजावलं, "घड आला की नुसता आकडा बोलायचा." तो इतका रंगला की घड नसतानाही "बावीस! एकोणीस!" असं ओरडायला लागला, आणि नाना म्हणाले, "अक्का, माझा खरा काटा एवढा कधी बोलला नाही हो!" सगळी शेड हसत होती. अक्का स्टुलावर ताठ बसून इकडचं घेत होत्या, मागच्या क्रेटमध्ये ठेवत होत्या, तिकडे देत होत्या, मधेमधे त्यांचं "टाक!" "टाक!" "अंहं, ते नको, ते आत आलंच नाही." मी टाकत होतो. टण्ण. टण्ण. वाटी भरत चालली तसे मला साहेबांचे पंधरा आठवडे आठवत चालले.

दुपारी नाटक संपलं. नानांनी जेवण मांडलं होतं, शेवभाजी आणि भाकरी. अक्का हात धुवायला नळावर गेल्या. वाटी माझ्याजवळ होती. मी वाटीत हात घातला, एक भरगच्च मूठ काढली आणि पँटच्या खिशात टाकली.

बस. एवढंच झालं. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

जेवणानंतर अक्कांनी वाटी पालथी केली आणि पाच-पाचचे ढीग लावले. एकशे वीस. त्या ढिगांकडे बघत राहिल्या.

"कमी वाटतात रे."

"भरपेट जेवल्यावर सगळंच कमी वाटतं, अक्का." हा विनोद मी केला. त्यावर नाना हसलेही.

पुन्हा मांडायला माणसं राहिली नव्हती. गाडी भरायची होती, हमाल परत खराखुरा हमाल झाला होता. अक्का म्हणाल्या, "वाटतंय म्हणून आकडा बदलायचा नसतो." हा त्यांचाच नियम. मला सतरा वेळा ऐकवलेला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वाटी तूच धरली होतीस ना? मग बरोबर असणार."

खिशातले चिंचोके मांडीला टोचत होते. परतीच्या गाडीत मी सावद्यापासून भुसावळपर्यंत झोपल्याचं सोंग केलं.

वहीप्रमाणे एकशे वीस चिंचोक्यांना तीन माणसांचे नऊ आठवडे. साहेबांनी नानांना फोन करून सहाचे नऊ गोड बोलून करून घेतले. अक्कांनी कागदावर सही केली. माझी नोकरी टिकली.

नवव्या आठवड्याच्या शेवटी आमचं सॉफ्टवेअर नानांचा पत्ता विचारायच्या पलीकडे गेलेलं नव्हतं. काटा जोडायचा राहिला होता, व्यापाऱ्याकडचे निरोप राहिले होते. केळी काही आमच्यासाठी थांबणार नव्हती. कापणी जोरात, ऊन असं की शेडचे पत्रे कडकड वाजत होते, आणि नानांची माणसं कागदाच्या चिठ्ठ्यांवर वजनं लिहीत होती. चिठ्ठ्यांचा घोळ होऊन दोन गाड्या दिवसभर उभ्या राहिल्या, माल गाडीतच पिकला. नाना रोज फोन करायचे. पहिल्या आठवड्यात मी "भाऊ" होतो, दहाव्यात "अहो" झालो, अकराव्यात "ओ मिस्टर". बाराव्यात ते थेट साहेबांशी बोलायला लागले. काम संपलं तेव्हा बारा आठवडे आणि दोन दिवस झाले होते.

मग मीटिंग झाली. टेबलावर मधोमध वाटी ठेवलेली. साहेबांनी ती बोटाने ढकलली. "अक्का, चिंचोक्यांवर कंपनी चालत नाही. तुमच्या मोजणीवर भरवसा ठेवून मी तोंडघशी पडलो. यापुढे पडदे मोजून सांगू. काय?" शेवटचं "काय" माझ्याकडे बघून होतं.

अक्कांनीही माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चहाकडे पाहिलं. त्या चहावर धरलेली साय मी आजही चित्र काढून दाखवू शकेन.

"मोजणी माझी, सही माझी," अक्का म्हणाल्या. एवढंच.

महिनाअखेरीला त्या गेल्या. डबा आणि वही पिशवीत टाकली. वाटी माझ्या टेबलावर ठेवली. "राहू दे तुझ्याकडे. हाताला सवय आहे." शनिवार होता. धुळ्याची एसटी गाठायची म्हणून नेहमीसारख्या भराभर जिना उतरल्या. मी बाल्कनीतून बघत होतो. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

मला वाटायचं, अक्का आपला हात आणि डोळा गेला असं समजून गेल्या. वयाने मोजणी चुकायला लागली, असं मानून. हा विचार मला कुठेही गाठायचा. दाढी करताना गाठायचा, लेकीच्या बारशात पेढे वाटताना गाठायचा. माझ्या एका मुठीमुळे एक शहाणी बाई स्वतःला कुचकामी समजत देवपूरला बसली आहे, आणि मी तिच्या जागेवर बसून पडदे मोजतोय. हो, ते काम साहेबांनी मलाच दिलं. मी दिलेला एकही आकडा गेल्या सहा वर्षांत खरा ठरलेला नाही. एकदा एक काम वेळेत झालं, तर कळलं की गिऱ्हाइकाने अर्धं रद्द केलं होतं.

मीटिंगच्या खोलीत अक्कांनी एकदा सरावासाठी रेघ मारली होती. ती झिजत झिजत गेली. पुढे ऑफिसची फरशी बदलली, तेव्हा ती होती त्या जागेवरून चालताना मी उगाच पाय उचलून टाकायचो. नवीन मुलं बघायची. कुणी गिऱ्हाईक सांगायला लागलं, की माल येतो, मग आम्ही त्याला कळवतो, मग तो अमक्याला, की माझा उजवा हात आपोआप डब्याकडे जायचा. डबा नसायचा. "टाक" म्हणणारं कुणी नसायचं. अख्ख्या जळगावात एवढा कोलाहल, आणि मला त्या एका टण्ण आवाजाशिवाय सगळं मुकं वाटायचं.

चिंचोके मी टाकून दिले नव्हते. एका जुन्या रुमालात बांधून घरी खणात ठेवले होते. मोजले मात्र कधीच नाहीत. धैर्य झालं नाही. धुळ्याला कामाला जायचं असलं की पुरचुंडी बॅगेत घ्यायचो, आणि तशीच परत आणायचो. असं चार वेळा झालं. एकदा तर पांझरेच्या पुलापर्यंत गेलो, पूल अर्धा ओलांडला, आणि रिक्षावाल्याला म्हणालो, स्टँडवर घे. त्याने विचारलं, "काही विसरलात का?" मी म्हणालो, "नाही हो, आठवतंय म्हणून तर."

मागच्या महिन्यात पाचव्यांदा गेलो. धुळ्याच्या एका गिऱ्हाइकाला मी पडदे मोजून तीन महिने सांगितले. तो तरुण माणूस होता, मान तिरकी करून म्हणाला, "कसे मोजलेत?" मी बोलायला लागलो. दोन मिनिटांनी तो म्हणाला, "नाही, कसे मोजलेत ते सांगा." मी कागद गोळा केले आणि बाहेर पडलो. रिक्षा केली आणि म्हणालो, "देवपूर." ह्या वेळी पूल पुरा ओलांडला.

घर तळमजल्यावर, दार उघडं. आत बाजेवर ऐंशीच्या पुढची एक म्हातारी बसलेली. मांडीवर पितळी वाटी, हाताशी डबा. डबा मी ओळखला. आणि आतल्या खोलीतून, फोनवर कुणाशी तरी बोलणारा आवाज आला, "हां, म्हणजे दवाखान्याकडून तारीख आली. आई, टाक! मग तुम्ही ती नोंदवता. टाक! अंहं, ते नको."

टण्ण. पितळेचा आवाज जरा जाड असतो.

मी उंबरठ्यावर उभा राहिलो. सहा वर्षं मी ज्या बाईला कुचकामी करून ठेवलं म्हणून झुरत होतो, ती घरी बसून फोनवरून कुठल्यातरी कंपनीची मोजणी करत होती. माझी जागा भरलेली होती. मला हायसं वाटायला हवं होतं. खरं सांगतो, पहिल्यांदा हेवा वाटला.

"कोन शे?" म्हातारीने विचारलं.

"जळगावहून आलोय, आजी. अक्कांच्या जुन्या ऑफिसातला."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वाटी धरे तोच का?" आणि उत्तराची वाट न बघता आत ओरडली, "ओ माय, तो वाटीवाला येल शे!"

अक्का बाहेर आल्या. केस पार पांढरे, चष्मा जाड, पायात घरातही तेच कॅनव्हासचे बूट. "उभा का? ये."

"अक्का, एक सांगायचं होतं."

"मग आत येऊन सांग. बाहेरचं मी धरत नाही."

मी आत गेलो. म्हणालो, "फैजपूरला तुम्ही हात धुवायला गेलात तेव्हा मी वाटीतून मूठभर चिंचोके काढले होते." सहा वर्षं उराशी बाळगलेलं ते वाक्य एका दमात संपलं.

अक्का आईकडे वळल्या. "आई, टाक. एक आत आलं."

म्हातारीने चिंचोका वाटीत टाकला.

"बारा आठवडे दोन दिवस लागले ना," अक्का खुर्चीवर बसत म्हणाल्या, "तेव्हाच वही उघडली. एकशे वीसला इतके लागत नाहीत. मग एकटीच फैजपूरला गेले. नानांच्या माणसांकडून नाटक पुन्हा करून घेतलं. एकशे त्रेसष्ट. तो हमाल तर आधीच्यापेक्षा चांगला काटा झाला."

"कधी गेला होतात?"

"मीटिंगच्या आदल्या दिवशी."

"म्हणजे तुम्हाला मीटिंगमध्ये माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"ते माझ्याकडून जायचं नव्हतं. तुझ्याकडून यायचं होतं. तू चहा बघत बसलास."

"माझ्यामुळे तुम्ही गेलात."

"नाही. वाटी कुणी धरायची हे मी ठरवलं होतं. ती चूक माझी. तेवढी मोजली आणि निघाले." हे त्या रागाने नाही म्हणाल्या. रागाने म्हणाल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मी बॅगेतून स्टीलची वाटी काढली. तीही आणली होती. "परत याल का, अक्का? साहेब बदललेत. मी पुन्हा धरीन वाटी."

अक्कांनी बाजेकडे हात केला. "आता आई धरते. तिला दिसतं कमी, पण खिसा नाही."

मग त्यांनी माझ्या हातातून रुमाल घेतला, गाठ सोडली, चिंचोके फरशीवर पसरले, आणि गुडघे धरून खाली बसल्या. तीच बोटं, तेच पाच-पाचचे ढीग. मी शेजारी बसलो. दोन मिनिटं आम्ही पूर्वीसारखे बसलो होतो, आणि मला वाटलं, हे मोजणं संपूच नये.

संपलं. अक्कांनी ढिगांवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं.

"त्रेचाळीस पाहिजेत. अडतीस आहेत."

मी चाचरत सांगायला लागलो. की मुलगी कधीमधी खणातून खेळायला घेते, एक पलंगाखाली गेला असेल, आणि मी तसे ते कधी...

म्हातारीने पितळी वाटी माझ्यापासून लांब, बाजेच्या दुसऱ्या टोकाला सरकवली.

"चोरीबी मोजीसन करता येस नही याले!"